शेवटच्या ओळीतली कुरकुर

३ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र पोचलं. "वन्सं, तुझा हेवा वाटतो. एवढं दुखणं, आणि तोंडावर सदा हसू." असं लिहिलंयस. आधी ते वन्सं बंद कर. कॉलेजात माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यावर ताव मारणारी बाई माझ्या भावाशी लग्न झाल्या दिवसापासून मला वन्सं म्हणायला लागली, ती आजतागायत थांबली नाही. आणि हेवा कसला करतेस? त्या हसण्यामागे केवढी मेहनत आहे ते सांगायलाच बसलेय.

सकाळी उठल्यावर बराच वेळ बोटं मिटत नाहीत. नळ मनगटानं उघडते, गुंड्यांचे कपडे कधीच वाटून टाकले. संधिवात माझ्याकडे राहायला आला त्याला आता बरीच वर्षं झाली, आमचं एकमेकांशी पटत नाही पण घर एकच आहे. दवाखान्यात मात्र मी मोठी असामी आहे. डॉक्टरीणबाई नव्या पेशंटांना सांगतात, "यांच्याकडे बघा जरा." तिथे भिंतीवर चेहऱ्यांचा एक तक्ता आहे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. किती दुखतंय ते बोट ठेवून दाखवायचं. मी कायम हसऱ्याच्या शेजारच्यावर बोट ठेवते. एकदम हसऱ्यावर ठेवलं तर कुणाला खरं वाटणार नाही, एवढी अक्कल मला आहे.

ही अक्कल धंद्यातून आली. कवळीत सगळे दात सरळ बसवले की ती कवळी आहे हे लांबूनही कळतं. म्हणून मेणात दात बसवताना एखादा किंचित तिरका ठेवायचा. दातांच्या लॅबमध्ये मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. तुझा तो टवका उडालेला पुढचा दात मी कधीची फुकटात भरून देते म्हणतेय, पण तू ऐकत नाहीस, आणि खरं सांगायचं तर ते बरंच आहे.

तर आता दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला काम दिलंय. दर मंगळवारी नव्या पेशंटांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा. मी नाही म्हणू शकले नाही. मग आरशासमोर बसून एक हसू बसवलं. ओठ किती उचलायचा, वरचे किती दात दिसू द्यायचे, डोळे कधी बारीक करायचे, सगळं ठरवून. माझा डावा सुळा वाकडा आहे, तेवढा लपवला. झकास जमलं. पहिल्याच मंगळवारी एक गृहस्थ म्हणाले, तुम्हाला बघून आजार पळून जाईल.

बाबा असते तर खूश झाले असते. जेवायला बसताना ते एकेकाला विचारायचे, कसं काय? आणि उत्तर एकच, मजेत. ताप असला तरी मजेत. तू नवी नवरी, पहिल्याच दिवशी म्हणालीस, "नव्या चपलेनं टाच सोललीय." सगळ्यांचे घास हातात राहिले होते. त्याच दिवशी आपण दोघींनी ठरवलं, की पत्राची शेवटची ओळ कुरकुरीची. कुरकुर खरी हवी, आणि वाचणारीनं तिच्यावर उपदेश करायचा नाही. तो नियम बाबांच्या नियमापेक्षा जास्त टिकला.

तुझी (नाइलाजानं) वन्सं

कुरकुर: उजव्या हाताचं मधलं बोट आता सरळच होत नाही. अजून कुणाला दाखवलेलं नाही.


१४ मार्च

प्रिय वन्सं,

नाइलाज असो नसो, वन्संच म्हणणार. लग्नात मला एवढा एकच हक्क मिळालाय.

बाबा गेले, पण त्यांचा नियम इथे ठणठणीत आहे. आता तुझा दादा विचारतो. म्हणजे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतो, "कसं काय?" मी सांगते, "गुडघा धरलाय, जिना चढवत नाही." तो म्हणतो, "छान." परवा मुद्दाम म्हटलं, "घराला आग लागलीय." त्यालाही छानच म्हणाला. वाईट नाही गं माणूस. फक्त बाबांनी त्याच्या कानांना मजेत सोडून दुसरा शब्द ऐकायची सवयच लावली नाही. त्याचं स्वतःचं काय दुखतंखुपतं ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र घशाखाली उतरली नाही. हसू बसवलं, असं लिहिलंयस. वाचून कसंतरीच झालं. घरी आल्यावर ते काढून ठेवतेस ना? कवळी काढून पाण्यात ठेवतात तसं? उपदेश नाही हा. उपदेश फक्त कुरकुरीवर करायचा नाही असं ठरलंय, पत्राच्या बाकी भागावर मी करू शकते.

ते मधलं बोट डॉक्टरीणबाईंना दाखव. हा मात्र उपदेश झाला. माफ कर.

तुझी वहिनी

कुरकुर: गुडघा. आणि तो कुणी ऐकत नाही हे गुडघ्यापेक्षा जास्त दुखतं.


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

काढून ठेव म्हणालीस ते बरोबर होतं. उशीर झाला.

मागच्या पंधरवड्यात दुखणं उफाळून आलं होतं. मंगळवारी मी दवाखान्यात गेलेच नाही, दिवसभर अंथरुणात होते. कळवायचंही राहिलं, कारण फोन उचलून धरवत नव्हता. पुढच्या मंगळवारी गेले तर एक बाई धावत आल्या. शाळेत शिकवतात, नव्यानंच निदान झालंय. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ बसलात म्हणून मी सावरले." मी म्हटलं, कुठल्या दिवशी? त्या म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी." मग त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि हात सोडला. "तेव्हा इतकी सुजलेली नव्हती," असं काहीतरी पुटपुटल्या.

मला वाटलं, बाईंचा दिवसांचा घोळ झालाय. पण समुपदेशक बाई पण म्हणाल्या, "मागच्या वेळी तर तुम्ही कमाल केलीत."

लॅबमध्ये गेले. मालक म्हणाले, "आज परत आलात? काल एवढं काम उरकलंत, विश्रांती घ्यायची." माझ्या टेबलावर माझ्या खोक्यात एक पुरी झालेली कवळी होती. हात माझाच. मेणाच्या सुरीची फिरवण माझीच, मी ती हजारात ओळखेन. फक्त तिच्यात एकही दात तिरका नव्हता. सगळे ओळीत, शुभ्र. मी ती पालथी घालून ठेवली, तरी दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसवेना.

घरी येऊन आरशासमोर बसले. ते हसू करून बघावं म्हटलं. वहिनी, येतच नाही. ओठ उचलला जातो, दात दिसतात, पण ते हसू तिथे नाही. वस्तू हरवावी तसं हरवलंय, आणि कुणीतरी ते वापरतंय.

औषधांनी भास होतात का, असं विचारशील. मी दवाखान्यात आधीच विचारलं. नाही म्हणाले.

तुझी वन्सं

कुरकुर: भीती वाटते. आणि या वेळी ती दुखण्याची नाही.


९ एप्रिल

प्रिय वहिनी,

मागचं पत्र मनावर घेऊ नकोस. थोडा ताप होता, काहीबाही लिहून गेले. आता मी अगदी मजेत आहे. सकाळी फिरायला जाते. खालच्या दुकानदारांशी गप्पा होतात, दवाखान्यात सगळे माझ्यामुळे आनंदात असतात. दुखणं म्हणजे शेवटी मनाचा खेळ आहे. आपण हसलो की जग हसतं.

पुढच्या महिन्यात तुमच्याकडे चार दिवस राहायला यावं म्हणते. दादाला किती दिवसांत भेटले नाही. तुला कामात मदत करीन. आपण सगळे टेबलाशी बसून पूर्वीसारखे मजेत जेवू.

तुझी वन्सं


१६ एप्रिल

प्रिय वन्सं,

तू येणार म्हणून घरात धांदल उडालीय. दादानं पेपर खाली ठेवून पत्र स्वतः वाचलं, म्हणजे बघ. "बघितलंस? बाबांसारखी आहे ती," असं म्हणाला आणि डोळे पुसले. तुझी खोली झाडून ठेवलीय. खिडकीची कडी बदलली, जुनी तुझ्या बोटांना जड गेली असती.

अक्षर किती सुरेख आलंय गं. कॉलेजात सुद्धा तुझं इतकं चांगलं नव्हतं. नवं औषध लागू पडलं म्हणायचं. मागचं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते, आता जिवात जीव आला.

एकच विचारते. शेवटची ओळ विसरलीस, की कुरकुर उरलीच नाही? उरली नसेल तर चांगलंच आहे. पण तुझ्या सहीखाली नुसता कोरा कागद बघून चुकल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. असो, तुझ्या वाटणीची मी करते.

तुझी वहिनी

कुरकुर: गुडघा आहेच. शिवाय तू बरी झालीस तर मी आता कुरकुर कुणाजवळ करू, असा एक दुष्ट विचार मनात येऊन गेला.


२४ एप्रिल

वहिनी,

अक्षराला हसू नकोस. पेन दोन्ही हातांत धरून लिहितेय.

तुला आलेलं ते सुरेख अक्षरातलं पत्र माझं नाही. मी कुठेही फिरायला जात नाही. मला जिना उतरवत नाही. मी तुमच्याकडे येत नाहीये.

तिला मी बघितलं. परवा खिडकीशी बसले होते. समोरच्या फुटपाथवरून माझा निळा कोट घालून चालली होती. बेकरीवाल्यानं हात केला, तिनंही केला. बोटं सरळ, पाचही. मग तिनं वर माझ्या खिडकीकडे बघितलं आणि मी बसवलेलं हसू हसली. ओठ तेवढाच उचललेला, डोळे तसेच बारीक. फक्त तोंडात वाकडा सुळा नव्हता. मी मागे वळून कपाट उघडलं, कोट जागेवर होता.

ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. सगळ्यांशी गोड बोलते, सगळ्यांना आवडते. तेच झालंय. खालच्या मजल्यावरची शेजारीण मला रोज पाव आणि दूध वर आणून द्यायची. आता येत नाही. दारातून हाक मारली तर म्हणाली, "अहो, आत्ताच तर खाली भेटलात, तुम्हाला आता कशाला मदत लागते." लॅबमधून कुणी चौकशी करत नाही, कारण माझं काम रोज होतंय. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की गोळ्या कमी केल्यात. मी म्हणे तक्त्यातल्या एकदम हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी फोनवर ओरडले, की दुखतंय, फार दुखतंय. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमची थट्टेची सवय काही जात नाही."

काल कशीबशी दारापर्यंत गेले. शेजारीण जिन्यातून वर येत होती. मी तिच्यासमोर उभी होते, वहिनी. ती माझ्या अंगावरून निघून गेली. डोळे माझ्यावरून असे गेले, जणू तिथे भिंतच आहे. ही चिठ्ठी दाराखालून सरकवून ठेवतेय, पोस्टमन नेईल अशी आशा आहे.

मी हे सगळं तिला कसं दिलं ते मला कळतंय. ज्यानं त्यानं विचारलं, कसं काय, आणि मी दर वेळी मजेत म्हणत स्वतःतली थोडी थोडी देत गेले. उरलेली मी आता फक्त या शेवटच्या ओळीत आहे. तू ती वाचतेस म्हणून आहे.

कुरकुर: भूक लागलीय. समोर बिस्किटांचा डबा आहे आणि झाकण उघडत नाही.


६ मे

माझ्या वन्सं,

ती इथे आहे.

सोमवारी दुपारी दारात उभी राहिली, निळा कोट, हातात दोन बॅगा. आल्या आल्या दादाच्या पाया पडली. तो लहान पोरासारखा रडला. मीही मिठी मारली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तेव्हा तुझं पत्र मिळालेलं नव्हतं.

काम करून करून तिनं घर लख्ख केलं. दमत नाही, बसत नाही. जेवताना दादानं विचारलं, "कसं काय?" ती म्हणाली, "मजेत." तोही म्हणाला, "मजेत." मग दोघं माझ्याकडे बघायला लागली. आणि वन्सं, मी मजेत म्हणाले. तोंडातून कसं निघून गेलं कळलं नाही. म्हणताना गुडघा दुखायचा थांबला, आणि तेच मला आवडलं नाही.

तुझं पत्र आज सकाळी आलं. ते पोस्टमनकडून तिनंच घेतलं. माझ्या हातात देताना पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती हसत राहिली. मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं. तुझं ते दोन हातांनी काढलेलं वेडंवाकडं अक्षर बघितलं आणि लाज वाटली, की मी त्या सुरेख अक्षराला भुलले.

बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, "वन्सं, आपल्या नियमाप्रमाणे एक कुरकुर कर बघू." ती हसली. "कशाबद्दल?" म्हटलं, "कशाबद्दलही कर. चहा गार झालाय, खुर्ची टोचते, काहीही." ती विचार करत राहिली. खूप वेळ. ओठ तेवढाच उचललेला, पापणीही हलली नाही. मला तिची कीव आली, खरं सांगते. तिच्याजवळ द्यायला काहीच नव्हतं. मग म्हणाली, "तुझा दात किती वाईट दिसतो. मी सरळ करून देऊ?" आणि हात पुढे केला. बोटं गार होती, मेणासारखी.

बाजारात जाते असं सांगून निघालेय. हे बसस्टँडवरून लिहितेय, इथल्याच पेटीत टाकीन. हे पत्र आधी पोचतं की मी, बघू. दारात आल्यावर मी तुला कसं काय असं विचारणार नाही. काय दुखतंय असं विचारीन. खरं उत्तर दे, म्हणजे मला तू दिसशील.

तुझी वहिनी

कुरकुर: गुडघा परत दुखायला लागलाय. बरं वाटलं.


११ मे

प्रिय छोटे,

तू निरोप न घेता गेलीस, जरा वाईट वाटलं. पण तुझ्या येण्यानं घराचं सोनं झालं. त्या दिवशी तुझी वहिनी बाजारात म्हणून गेली ती अर्ध्या तासात परत आली, आणि तू गेली होतीस. तेव्हापासून ती जी बदललीय, काय सांगू. कुरकुर नाही, गुडघ्याचं नाव नाही, जिना पोरीसारखी चढते. जेवायला बसताना मी विचारायच्या आत मजेत म्हणते. तो टवका उडालेला दातही भरून आलेला दिसतोय. तूच केलंस ना? हात धन्य आहे तुझा.

बाबा असते तर म्हणाले असते, आता हे घर शोभतं.

फक्त एक गंमत वाटते. पेपर वाचताना घर फार शांत असतं. पूर्वी तिचं काही ना काही चालू असायचं, मी ऐकत नसे, पण ते असायचं. आता मी मधेच वर बघतो, तर ती समोर बसून माझ्याकडे बघत हसत असते. कधीपासून बसलेली असते, कोण जाणे.

तुझा दादा


१५ मे

दादा,

पेपर खाली ठेव आणि हे उभ्यानं वाच.

तुझी बायको माझ्या स्वयंपाकघरात आहे. ६ तारखेला संध्याकाळी आली. शेजारीण माझ्या दारावरून जवळजवळ दोन आठवडे आंधळ्यासारखी जात होती, घरातल्या उरल्यासुरल्या गूळशेंगदाण्यांवर मी दिवस काढले होते. तुझ्या बायकोनं दार ढकललं, अंधारात इकडेतिकडे बघितलं, तिलाही मी दिसले नाही. मग ती म्हणाली, "काय दुखतंय गं?" मी सांगायला लागले. बोटं, मनगटं, खांदे, एकटेपण, बाबांवरचा राग, सगळं. ती दिव्याचं बटण शोधत शोधत ऐकत होती. दिवा लागला तेव्हा मी तिला दिसले. तिनं पहिल्यांदा बिस्किटांचा डबा उघडला.

दात तिचा तसाच टवका उडालेला आहे, आत्ताच बघितला. दुसऱ्या दिवशी ती मला धरून दवाखान्यात घेऊन गेली. मी तक्त्यातल्या रडक्या चेहऱ्यावर माझं वाकडं बोट ठेवलं आणि काढलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बोटाकडे बघितलं, मग खुर्ची पुढे ओढली. गोळ्या परत चालू झाल्यात. मंगळवारचं काम मी सोडलेलं नाही. परवा नव्या पेशंटांना सांगितलं, की मी फार चिडते, रडते, आणि तरी सकाळी उठून दात बसवायला जाते. ती शाळेतली बाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि रडली. छान रडली. तुझी बायको दिवसभर माझ्या भांड्यांना नावं ठेवते, मी तिच्या घोरण्याला. इतक्या वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. दुखतं तेवढंच आहे.

आता तुझं बोलू. तुझ्यासमोर बसून हसते ती कोण, ते तुला कळलं असेल. घाबरू नकोस, ती काही करत नाही. ती फक्त सगळ्यांना आवडते, आणि मग खरे आपण कुणाला लागत नाही. तिच्याशी भांडू नकोस. तुझा चष्मा घे, वहिनीचा गुडघ्याचा पट्टा कपाटात खालच्या खणात आहे तो घे, आणि इकडे निघून ये. दारात तुला एकच प्रश्न विचारला जाईल. मजेत म्हणालास तर कडी निघणार नाही, असं वहिनी सांगतेय. ती खरंच काढणार नाही, तुला माहीत आहे ती कशी आहे.

लवकर ये. आज सकाळी खिडकीत बसले होते, तर समोरच्या फुटपाथवर तू दिसलास. चष्मा नव्हता, पाठ ताठ. बेकरीवाल्याशी हसून बोलत होतास. मग वर बघून मला हात केलास.

तुझी छोटी

कुरकुर: दादा, तुझं काय दुखतं ते तू आम्हाला एकदाही सांगितलं नाहीस.